कर्ता पुरुष : सुभेदार मल्हारराव होळकर

होळकर राज्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव यांचा जन्म सन १६९३ मध्ये झाला. नीरा नदीकाठचे होळ हे त्यांचे मूळ गाव. त्यावरूनच होळकर हे आडनाव पडले. वडील खंडूजी वारले तेव्हा मल्हारी अवघा तीनेक वर्षांचा होता. आईने पोराला घेऊन खानदेशात तळोदे येथे भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे आसरा घेतला. मामांनी भाच्याला वाढविले आणि पुढे आपली कन्या गौतमाबाई त्यांना दिली.

मेंढरे राखणारा हा मुलगा बाजीराव पेशव्यांच्या पदरी सुभेदार झाला. माळव्यापासून दिल्लीपर्यंत त्यांच्या नावाचा दरारा बसला. रणात मागे हटत नाही तोच मर्द, अशी त्या काळची समजूत होती.

चिरंजीव खंडेराव यांच्यासाठी त्यांनी चौंडीच्या माणकोजी शिंदे यांची कन्या अहिल्या सून करून आणली. सन १७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरजवळ कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. साठी ओलांडलेल्या बापावर आभाळ कोसळले. त्यांनी सूडाची शपथ वाहिली असे सांगतात. परंतु अखेर तह होऊन वेढा उठला.

इकडे अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. ज्यांच्या हुकमाने फौजा हालत, त्या सुभेदारांनी सुनेपुढे हात जोडले. यापुढे तूच माझा मुलगा, मालेराव व मुक्ता ही लेकरे आणि ही रयत टाकून जाऊ नकोस, अशी त्यांनी विनवणी केली. एकीकडे रूढी, दुसरीकडे घर. त्यांनी घर राखले. अहिल्याबाई थांबल्या.

मग सासऱ्यांनी सुनेच्या हाती कारभार दिला. वसुली, हिशेब, फौजेची रसद, सर्व शिकविले. सन १७६५ च्या पत्रांतून तोफखान्याची व दारूगोळ्याची कामेसुद्धा त्यांनी सूनबाईंवर सोपविलेली दिसतात.

दि. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. वर्षभरात नातू मालेरावही गेले. तरीही राज्य बुडाले नाही. अहिल्याबाईंनी ते सन १७९५ पर्यंत सांभाळले, सन १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या.

लढाया पुष्कळांनी जिंकल्या. पण पोटच्या पोराचे दुःख गिळून त्याच्या माघारी सुनेच्या व नातवंडांच्या पाठीशी उभे राहणे, हाच खरा पुरुषार्थ होय. देवळांचा जीर्णोद्धार म्हटले की अहिल्यामातेचे नाव ओठी येते. त्या वेळी या सासऱ्याचेही स्मरण व्हावे. अशा या थोर पुरुषास विनम्र अभिवादन!