लेव आर्त्सिमोविच

थोर शास्त्रज्ञ लेव आर्त्सिमोविच यांचा जन्म १९०९ साली मॉस्को येथे झाला. मिन्स्क विद्यापीठातून ते १९२८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पदवीधर झाले. १९५१ पासून सोव्हिएत रशियातील अणुसंमीलनाच्या प्रयोगांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूर्यात हायड्रोजनची अणुकेंद्रके एकत्र येऊन ऊर्जा निर्माण होते. पृथ्वीवर तसे घडवण्यास वायू कोट्यवधी अंश तापवावा लागतो. हा तप्त वायू म्हणजे प्लाझ्मा. त्यास कड्याच्या आकाराच्या ‘टोकामाक’ यंत्रात चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर धरतात.

१९६८ साली त्यांनी सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचे जाहीर केले. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. शीतयुद्धाचा काळ असूनही ब्रिटिश शास्त्रज्ञांना लेसर उपकरणांसह मॉस्कोत बोलावण्यात आले. १९६९ साली त्यांच्याच मोजणीने दावा खरा ठरला.

तरीही आर्त्सिमोविच स्वस्थ बसले नाहीत. तोवर प्लाझ्माच्या कड्याचा छेद गोल ठेवीत. १९७२ साली त्यांनी शाफ्रानोव्ह यांच्यासह उभट छेद सुचवला. त्यात तेवढ्याच चुंबकीय क्षेत्रात अधिक विद्युत्प्रवाह सुरक्षितपणे वाहतो व प्लाझ्मा अधिक चांगला कोंडला जातो. मात्र उभट प्लाझ्मा वर-खाली घसरू पाहतो. त्यास सतत सावरावे लागते.

१९७३ साली त्यांचे निधन झाले. १९८३ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘जेट’ यंत्रात इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा छेद होता. या आकारात प्लाझ्माची कडही अधिक दाब सोसते, असे पुढे दिसून आले.

विद्यार्थी मित्रांनो, आपले काम तपासण्यास शंका घेणाऱ्यालाच बोलावणे, आणि ते खरे ठरल्यावरही त्यात सुधारणा शोधणे, हीच इल्मची खरी वाट आहे.