शिमला ऑफिसचे वॉकरसाहेब

पांढरकवड्याहून समुद्र शेकडो मैल दूर. आमच्यापैकी कित्येकांनी तो नकाशातल्या निळ्या रंगापुरताच पाहिला आहे. पण आमच्या वावरातली पऱ्हाटी तरारणार की करपणार, हे पुष्कळदा त्या निळ्या रंगातच ठरते. मी शाळेत असताना एका वर्षी मिरगाच्या पहिल्या सरीवर बाबांनी सरकी टोबली आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले. दुबार पेरणीचे बियाणे उधारीने आणावे लागले. पाऊस असा का रुसतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून होता. पुढे सर गिल्बर्ट वॉकर यांची माहिती वाचनात आली आणि हाच प्रश्न वीस वर्षे सोडवीत बसलेला एक माणूस मला भेटला.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल गावी झाला. केंब्रिजमध्ये शिकून १८८९ साली ते सीनियर रँग्लर झाले. आपल्या रँग्लर परांजप्यांनी हाच मान बरोबर दहा वर्षांनी मिळविला. वॉकर यांना बूमरँग फेकण्याचा भारी नाद. ते हवेत वळून परत कसे येते, याचे गणितही त्यांनी मांडले. बासरीच्या रचनेतही त्यांनी लक्ष घातले. हवामानशास्त्राचा अभ्यास मात्र नव्हता. तरीही १९०४ साली हिंदुस्थानातील वेधशाळांचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. कचेरी सिमल्यास होती.

ती खुर्ची काटेरी होती. त्यांच्या आधीचे अधिकारी जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात पाऊस दगा देऊन गेला आणि लाखो माणसे दुष्काळात मेली. पाऊस का पडतो याचा पुरता सिद्धांत कोणाजवळच नव्हता. तेव्हा वॉकर यांनी निराळी वाट धरली. जगभरच्या ठाण्यांवरील हवेचा दाब, तापमान व पाऊस यांच्या जुन्या नोंदी मागवायच्या, आणि त्यांतील कोणत्या गोष्टी एकमेकींबरोबर वरखाली होतात ते आकड्यांनी तपासायचे. गणकयंत्रे नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदी कारकुनांनी ही प्रचंड आकडेमोड हाताने केली. त्या कारकुनांची आठवण आज क्वचितच कोणी काढतो, पण वॉकर यांच्या कीर्तीत त्यांचाही वाटा आहे.

या राशीतून एक विलक्षण गोष्ट निघाली. पॅसिफिक महासागरावरचा दाब वाढला की हिंदी महासागरावरचा उतरतो; आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. जणू तराजूची दोन पारडीच! वॉकर यांनी १९२४ साली याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. हे पारडे कलले की आपला मान्सूनही अनेकदा डळमळतो.

परंतु पावसाचे बिनचूक भाकीत त्यांना शेवटपर्यंत साधले नाही. काही वर्षे लागू पडलेली सूत्रे पुढे ढिली पडत. कार्यकारण न सांगता नुसते आकडे जुळवतो, असा आक्षेपही त्यांच्यावर आला. १९२४ साली ते सेवानिवृत्त झाले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२८ साली सिमल्याची कचेरी पुण्यास आली. पुणेकर त्या इमारतीला अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी वॉकर वारले. तोवर त्यांच्या तराजूचे मर्म उलगडले नव्हते.

ते उलगडले १९६९ साली. पॅसिफिकच्या पाण्याचे तापमान आणि त्यावरचे वारे एकमेकांना ढकलतात, हे ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखविले आणि त्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले. वॉकर यांच्याजवळ नोंदी होत्या त्या जमिनीवरच्या व बेटांवरच्या. समुद्राच्या पोटातले त्यांना दिसत नव्हते. १९८२ साली मोठा एल निनो आला, तो भरात येईपर्यंत शास्त्रज्ञांनाही कळला नाही. मग १९८५ ते १९९४ या दहा वर्षांत पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगत सुमारे ७० बोया नांगरून ठेवण्यात आल्या. २००४ पासून तशीच रांग हिंदी महासागरातही उभी राहू लागली. आज आर्गो नावाची हजारो तरंगती यंत्रे दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलीवरून वर येतात, पाण्याचे तापमान व खारेपणा मोजतात आणि उपग्रहामार्फत कळवतात. आपल्या भागातील माहिती हैदराबादच्या केंद्रात जमा होते.

एवढे होऊनही पाऊस पुरता मुठीत आलेला नाही. १९७२ साली एल निनो होता आणि दुष्काळ पडला. १९९७ साली तो प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणूनच मला वॉकर मोठे वाटतात. उत्तर हाती नसताना त्यांनी नोंदी सोडल्या नाहीत, आणि कुठे पाहायला हवे ते पुढच्यांना दाखवून ठेवले.

बाबा आता दोन-तीन दमदार पाऊस पडल्याखेरीज सरकी टोबत नाहीत. आणि मी गेल्या मिरगापासून आमच्या वावरातल्या पावसाची रोज वहीत नोंद ठेवतो आहे. कोरड्या दिवसापुढे शून्य लिहायलाही विसरत नाही.