डॉ. ए. एस. राव : हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्सचे शिल्पकार

ई.सी.आय.एल. चौरस्त्याजवळची डॉ. ए. एस. राव नगर ही वसाहत आपणा सर्वांना माहीत आहे. पण हे राव कोण, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा फार थोडे हात वर झाले. म्हणून या अंकात त्यांचा परिचय देत आहोत.

अय्यगारी सांबशिव राव यांचा जन्म २० सप्टेंबर १९१४ रोजी पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील मोगल्लू गावी झाला. बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिक्षण घेऊन ते तेथेच शिकवू लागले. पुढे टाटा शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतले. मायदेशी परतून ते मुंबईत डॉ. होमी भाभांच्या कार्यात सामील झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. तिच्या नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच बनवली होती.

१९६२ च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्समध्ये परदेशावर अवलंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे देशाला कळले. १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राव तिचे सदस्य होते. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले, पण काम थांबले नाही. ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबादेत ई.सी.आय.एल. स्थापन झाली आणि तिची धुरा राव यांनी सांभाळली. तुर्भे येथे विकसित झालेला टीडीसी-१२ संगणक, टीव्ही संच आणि पुढे मतदान यंत्रेही येथे तयार झाली. पद्मश्री (१९६०), भटनागर पुरस्कार (१९६५) व पद्मभूषण (१९७२) हे सन्मान त्यांना लाभले. ३१ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

यंत्र आतून समजले पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा धडा आहे. आपल्या प्रयोगशाळेतील जुन्या उपकरणांवर मुले हेच शिकत आहेत. बोर्डावरील चिपवर '७४०८' दिसले तर ते काय असेल? तो चिपचा क्रमांक असू शकतो, किंवा १९७४ सालचा आठवा आठवडा, म्हणजे ती बनल्याची तारीख! घाई करू नये. आधी खाच किंवा ठिपका पाहून एक नंबरची पिन शोधावी, मग क्रमांकाच्या मागेपुढे अक्षरे आहेत का ते पाहावे. चौदा पिनांच्या ७४०८ मध्ये चौदाव्या पिनेला पाच व्होल्ट व सातवीला ग्राउंड असते. हे जुळले नाही तर अंदाज चुकला असे समजावे.

पालकांना विनंती, जुना रेडिओ भंगारात देण्याआधी शाळेला विचारावे. जुना टीव्ही मात्र घरी उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जबर धक्का देणारी वीज उरते. विश्वस्त मंडळींनी प्रयोगशाळेसाठी एक चांगला मल्टिमीटर दिल्यास आम्ही आभारी राहू.

— मुख्याध्यापक