तुकोबांची भूतदया

पुण्याच्या आसपास सुगी उरकली की मोकळ्या रानांत धनगरांचे वाडे उतरतात. मेंढी हे जातीचेच भित्रे जनावर. अनोळखी माणूस दिसला की सारा कळप बिचकतो. आणि तोच कळप आपल्या मेंढक्याच्या एका हाकेवर मोटारींच्या गर्दीतूनही रस्ता ओलांडतो. असे का होते? जन्मल्या दिवशी त्यानेच तिला काखेत घेऊन पुढच्या मुक्कामी आणलेले असते. रात्री वाघरीत उशाशी त्याचाच आवाज असतो.

पण मंडळी, याला दुसरी बाजूही आहे. त्याच विश्वासाने ती मेंढी त्याच्यामागून खाटकाच्या दारापर्यंतही जाते. धनगराला आपण नावे ठेवू नयेत. त्याच्या लेकराबाळांचे पोट त्यावर आहे. सांगणे एवढेच की, मुक्या जीवाने विश्वास टाकणे निराळे आणि आपण त्या विश्वासाला पात्र असणे निराळे. हा दुसरा प्रश्न तुकोबारायांनी स्वतःला विचारला. तो का विचारला, हे कळायला त्यांचे चरित्र पाहावे लागते.

त्यांचे जन्मवर्ष बहुतेक जण इ. स. १६०८ धरतात. देहूचे मोरे घराणे. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी महाजनकी, शेती, वाण्याचा व्यवहार. धाकटी पत्नी जिजाबाई ही पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, म्हणजे पुणे हे तुकोबांचे सासर झाले! पुढे १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. चारा नाही, दाणा नाही. दाराशी गुरे मेली. थोरली पत्नी रखमाबाई उपासमारीने गेली, मुलगा संतू गेला. ज्या जीवांनी याच्या हाताकडे आशेने पाहिले, त्यांना देण्यास त्या हातात काही उरले नव्हते. मग आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. लोक याला वैराग्य म्हणतात. ते खरेच, पण दुष्काळात होरपळलेल्या कुळांकडे पुन्हा वसुलीला जाण्याइतके मन कठीण राहिले नव्हते, हेही खरे असावे.

महीपतींनी एक प्रसंग सांगितला आहे. कोणा शेतकऱ्याने तुकोबांना पिकाच्या राखणीस बसवले. हे माळ्यावर नाम घेत बसले, पण पाखरांना काही उडवले नाही. शेत पाखरांनी खाल्ले, मालक चिडला, प्रकरण पंचांपुढे गेले. कीर्तनात हे आख्यान फार रंगते. लोक हसतात, वेळ संपते, आणि आळंदीचा प्रसंग घाईत उरकला जातो. मला मोलाचा वाटतो तो हाच.

आळंदीस दाणे टिपणारी पाखरे तुकोबांना पाहून भुर्रकन उडाली. तुम्ही-आम्ही म्हटले असते, पाखराची जातच ती! तुकोबा मात्र जागीच थबकले. हे जीव मला भितात, म्हणजे माझ्यात अजून आपपर उरले आहे, असे त्यांनी ताडले. दोष पाखरांना दिला नाही. मूठभर दाणे फेकून त्यांना भुलवलेही नाही. श्वास आवरून निश्चल उभे राहिले. पाखरे अंगावर येऊन बसतील तेव्हाच हलायचे. किती वेळ गेला कोण जाणे! अखेर ती आली, निर्धास्तपणे खांद्यावर बसली. मेंढक्याला मेंढीची लोकर हवी असते, लेंडीखत हवे असते. तुकोबांना पाखरांकडून काहीच नको होते. योगशास्त्रातही अहिंसेची परीक्षा भोवतालच्या जीवांच्या वागण्यावरूनच सांगितली आहे.

घरचे व्याप मात्र सुटले नव्हते. आप्पाजींनी दिलेली म्हैस एकदा मंबाजीच्या बागेत शिरली. त्याने काटेरी फांद्यांनी झोडपले ते तुकोबांना. रात्री मंबाजी कीर्तनास दिसेना, तेव्हा हेच त्याच्या घरी गेले आणि त्याचे अंग चेपून त्याला घेऊन आले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे १६५० साली, तुकोबा गेले. पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली. ती पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी उतरते, आणि पुढे बारामती सोडली की काटेवाडीस येते. तेथे परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करतात. टाळमृदंगाच्या त्या कल्लोळात भित्र्या मेंढ्या मेंढक्यामागून बिनघोर धावतात. कळपाला रोगराई होऊ नये, हे धनगरांचे मागणे. ज्याच्या दाराशी दुष्काळात गुरे मेली, त्याच्याच पालखीपाशी ते मागतात.