न आलेली मृत्युवार्ता

सरोजिनी नायडू २ मार्च १९४९ रोजी लखनौ येथे निवर्तल्या, तेव्हा त्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल होत्या. त्यांच्या पाठचा भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय याला सोव्हिएत राजवटीने साडेअकरा वर्षांपूर्वीच गोळी घालून ठार केले होते. ही खरी हकीकत मात्र सरोजिनीबाईंच्या हयातीत उजेडात आली नाही. स्वातंत्र्यलढ्यातील एका श्रेष्ठ घराण्याच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा आजही विचार करावयास लावते.

वीरेंद्रनाथांचा जन्म १८८० सालचा. वडील अघोरनाथ हैदराबादेतील नामांकित शिक्षणतज्ज्ञ. मुलाने सनदी अधिकारी व्हावे या अपेक्षेने त्यांना विलायतेस पाठविण्यात आले. परंतु लंडनच्या 'इंडिया हाऊस'मध्ये त्यांची गाठ श्यामजी कृष्ण वर्मा आणि सावरकर यांच्याशी पडली आणि आयुष्याची दिशाच पालटली. १९०९ साली मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीचा वध केल्यानंतर वीरेंद्रनाथांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून सावरकरांची पाठराखण केली. परिणामी बॅरिस्टरीचे शिक्षण देणाऱ्या मिडल टेंपलने त्यांना काढून टाकले. १९१० साली त्यांनी पॅरिस गाठले. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा कधीच घडले नाही. १९१५ साली वडील वारले, तेव्हाही ते परदेशातच होते.

पहिल्या महायुद्धात बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या समितीचे ते आधारस्तंभ होते. पुढे स्टॉकहोम, मॉस्को, पुन्हा बर्लिन असा त्यांचा प्रवास झाला. १९२७ साली ब्रुसेल्स येथे स्थापन झालेल्या साम्राज्यवादविरोधी संघाचे काम त्यांनी हिरीरीने केले. जवाहरलाल नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात त्यांचे स्मरण जिव्हाळ्याने केले आहे. जर्मनीत नाझींचे बळ वाढत असताना ते रशियात गेले आणि लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत संशोधन करू लागले. तेथेच लिडिया कारुनोव्स्काया यांच्याशी त्यांचा संसार थाटला गेला.

जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबर रोजी देहदंड देण्यात आला. अबनी मुखर्जी आणि गुलाम अंबिया खान लुहानी या भारतीयांचीही त्याच दमनसत्रात आहुती पडली. वीरेंद्रनाथांची बहीण सुहासिनी यांचे पती, पत्रकार नंबियार, यांनी १९३८ साली नेहरूंशी याविषयी पत्रव्यवहार केला. परंतु चौकशी करावयाची तरी कोणाकडे? भारत परतंत्र होता. परदेशात भारतीयांची बाजू मांडणारी वकिलात होती ती इंग्रजांची, आणि वीरेंद्रनाथांची उभी हयात त्या इंग्रजांना चुकविण्यातच गेली होती.

त्या काळी रशियात अशा कैद्यांच्या नातलगांना, पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षांची सजा झाली आहे, असे ठरावीक उत्तर मिळे. प्रत्यक्षात माणूस केव्हाच संपलेला असे. पुढे १९५५ नंतर अनेक कुटुंबांना मृत्यूचे दाखले मिळाले, तेही खोट्या तारखा आणि खोटी आजारपणे लिहिलेले. ठार मारणे हा एक अपराध. पण आप्तांना वर्षानुवर्षे आशेवर टांगून ठेवणे हा दुसरा अपराध होय, आणि तो निरपराध माणसांवर घडतो. मरणाची तिथीच ठाऊक नसेल तर श्राद्ध कोणत्या दिवशी करावे? सुतक केव्हा धरावे आणि केव्हा फेडावे? शोकालाही एक निश्चित आरंभ लागतो.

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परकीय नागरिकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळविणे यजमान देशावर बंधनकारक आहे. नियम उत्तम आहे. परंतु दूतावासापासून माणसाच्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचे अंतर कोणताही करार आपोआप पार करीत नाही. आज लक्षावधी भारतीय आखाती देशांत आणि इतरत्र राबत आहेत. त्यांतील एखाद्याचे निधन झाले तर गावाकडील वृद्ध आईला ते कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत सांगावे, याची चोख व्यवस्था असणे ही शासनाची मेहेरबानी नव्हे. ते कर्तव्य आहे. सरोजिनीबाईंसारख्या थोर स्त्रीच्या कुटुंबालाही सत्य लपविणाऱ्या सत्तेपुढे हतबल व्हावे लागले. मग ज्यांची कोठेच ओळख नाही, त्यांच्यासाठी शासनाने अधिक दक्ष असावयास नको काय?