इंटर नापास गुरुजी

निकालाच्या दिवसांत नांदेड आणि लातूरच्या चौकाचौकांत क्लासच्या फलकांवर गुणवंतांचे फोटो लागतात. टक्के, रँक, सगळे ठळक अक्षरांत. याच नांदेडने ज्यांना आयुष्यभर 'गुरुजी' म्हटले, ते नरहर कुरुंदकर मात्र इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले होते.

१५ जुलै १९३२ हा त्यांचा जन्मदिवस. घराणे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि प्राथमिकच्या पुढचे शिक्षण बहुतेक ठिकाणी उर्दूतून चाले. मराठी घरातली मुले गणित-इतिहासही उर्दूतून शिकत. ओझे होते खरे, पण त्या पिढीला दोन भाषांची गोडी लागली, हेही खरे.

नरहरचे भाग्य असे, की मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. शिकायला तो हैदराबादला मामांकडे गेला. मुक्तेश्वर आणि मोरोपंतांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या माणसाचे ते घर. तिथे पुस्तकांना तोटा नव्हता आणि विद्वानांच्या गप्पा रोज कानावर पडत. हुशार मुलाला घरात याहून वेगळे काय हवे असते?

पण ही हुशारी परीक्षेच्या कामी आली नाही. वाचन अफाट, तेही अभ्यासक्रम सोडून. त्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे दिवस. पोरगा चळवळीत ओढला गेला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. इंटरची परीक्षा मात्र सुटता सुटेना. अशा मुलाला नातेवाईक काय काय ऐकवतात, हे कोणत्याही घरात विचारावे.

१९५५ मध्ये नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलने त्यांना शिक्षक म्हणून घेतले. शाळेच्या नावातच 'प्रतिभा' होती आणि तिने ती ओळखलीही. कागदावर कमी असलेल्या तरुणाच्या हाती वर्ग सोपवायला हिंमत लागते. आज एखादी संस्था असे करील का, शंका आहे. स्वतः इंटर नापास असताना ते एम.ए.च्या विद्यार्थ्यांना समजावून सांगत, असे नांदेडात सांगितले जाते. पदव्या पुढे सावकाश आल्या. मग ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि त्याच कॉलेजचे प्राचार्यही.

'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा' ही त्यांची पुस्तके महाराष्ट्रभर वाचली गेली. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. हिंदू असो वा मुसलमान, कोणाचीही परंपरा त्यांच्या चिकित्सेतून सुटली नाही. त्यांचे सगळेच पटते असे नाही, मुस्लिम राजकारणावरचे तर अनेकांना आजही पटत नाही. पण त्यांच्याशी वाद घालता येत असे, आणि शिक्षक म्हणून तीच त्यांची ताकद होती. विद्यार्थ्याशी ते बरोबरीच्या नात्याने बोलत. समोर शाळकरी पोर असले तरी त्याची शंका हसण्यावारी जात नसे. गप्पा तासन्‌तास चालत, विषय नाट्यशास्त्रापासून राज्यघटनेपर्यंत कुठेही जाई. त्या गप्पांत परीक्षेला काय येणार, हा प्रश्न नसे.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. तेव्हा ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते; नांदेडकरांसाठी मात्र गुरुजीच.