लढाईत धरून नेलेल्या कुंभारानं जपानला पांढरी चिनीमाती शोधून दिली, त्याची गोष्ट

आमच्या करमाळ्यात लोणचं घालायचं म्हटलं की आजही फळीवरची चिनीमातीची बरणी खाली उतरते. नाव चिनी, पण बरणी जाड दगडी. खरी चिनीमाती म्हणजे पातळ, पांढरीशुभ्र, उजेडासमोर धरली तर पलीकडं बोटांची सावली दिसते अशी. १६०० सालापर्यंत ही कला चीन आणि कोरियाकडे होती, जपानकडे नव्हती.

मग आला री साम-प्योंग.

१५९२ ते १५९८ या काळात जपानच्या हिदेयोशीनं कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना सरदारांनी लुटीबरोबर माणसंही नेली, त्यात कुंभार भरपूर. म्हणून काही जण या स्वारीला कुंभारांची लढाई म्हणतात. सागा प्रांताच्या नाबेशिमा सरदारानं नेलेल्यांपैकी एक साम-प्योंग. तिकडं त्याचं नाव झालं कानागाए सान्बेई.

आधी तो ताकू गावात राहिला. भांडी करायचा, पण मनासारखी माती मिळेना. इथं एक गोष्ट समजून घ्या. साध्या मातीचं भांडं कमी आचेवर भाजतं. चिनीमातीला साधारण १३०० अंश लागतात, आणि एवढ्या आचेत टिकून पांढरं राहणारा दगडच मुळात हवा. तो दगड शोधत तो डोंगर पालथे घालत राहिला. १६१६ च्या सुमाराला आरिता गावाजवळ इझुमियामाच्या डोंगरात त्याला तो सापडला, असं परंपरा सांगते. १८ माणसं घेऊन तो आरिताला आला आणि उतारावर चढत जाणाऱ्या भट्ट्या लावल्या.

पहिला मान त्याचाच का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. आसपासच्या भट्ट्यांतही त्याच काळातले तुकडे सापडलेत. दगड कुटून त्याची माती करणारी, भट्टीत लाकूड घालणारी ती सगळी बिननावाची माणसं होती.

भट्ट्यांनी डोंगर बोडके व्हायला लागले, तेव्हा १६३७ मध्ये सरदारानं ८२६ जपानी कुंभारांना हाकललं आणि भट्ट्या १३ वर आणल्या. धंदा आरितात एकवटला.

१६५५ मध्ये साम-प्योंग वारला. चारच वर्षांनी, चीनमधल्या धामधुमीमुळं तिकडचा माल बंद पडलेल्या डचांनी आरिताला हजारो नगांची ऑर्डर दिली. इमारी बंदरातून माल निघायचा, म्हणून युरोपात या भांड्यांचं नावच इमारी पडलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली जपानी चिनीमातीची भांडी आहेत, जमलं तर बघून या.

आरितात १९१७ मध्ये टेकडीवर त्याचं स्मारक उभं राहिलं. खालच्या मंदिराची कमानही चिनीमातीची. कोरियात मात्र त्याच्याबद्दल अवघडलेपण आहे, कारण घराण्याच्या कागदांत त्यानं जपानी फौजेला वाट दाखवल्याची नोंद सापडते. बंदुकीसमोर दाखवली की राजीखुशीनं? माझा कल पहिल्याकडे. पण कागद सरदाराच्या राज्यात, सरदारासाठी लिहिलेला आहे, आणि साम-प्योंग परत गावी गेला नाही.